चार तारांचे वाद्य आणि लाखांचा भाव

सुरत हे नाव उच्चारताच मराठी वाचकाला १६६४ चा जानेवारी महिना आठवतो. पश्चिम किनाऱ्यावरील मोगलांचे ते अत्यंत संपन्न बंदर होते आणि तेथील संपत्ती शिवाजी महाराजांनी स्वराज्याकडे वळवली. साडेतीन शतके उलटली तरी सुरत श्रीमंतच आहे. मात्र आता तिची श्रीमंती गलबतांतून उतरणाऱ्या मालापेक्षा माणसांच्या बोटांवर अधिक अवलंबून आहे. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ हिरे सुरतेत घासले जातात, असे व्यापारात सांगितले जाते. याच शहराच्या जुन्या वस्तीत ‘सादेली’ नावाची लाकडाची जडावकला थोड्या घरांनी टिकवून धरली आहे. ओबडधोबड खडा आणि पैलूदार हिरा, साधी लाकडी पट्टी आणि नक्षीदार पेटी यांच्या भावांत जे अंतर पडते, त्यात हाताने घालवलेल्या वेळेचा वाटा मोठा असतो. सुरतेच्या बाजारात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

हाच नियम एका अनपेक्षित वस्तूला लागू होतो, तेव्हा मात्र भल्याभल्यांच्या भुवया उंचावतात. ती वस्तू म्हणजे बेस गिटार. जर्मनीतील वाद्यकारागीर येन्स रिटर यांनी घडवलेल्या ‘रॉयल फ्लोरा ऑरम’ या बेस गिटारवर सोन्याची पाने आणि हिरे जडवलेले आहेत. तिची किंमत सुमारे अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांहून अधिक सांगितली गेली. हे झाले टोकाचे उदाहरण. परंतु हिरे-सोने बाजूला ठेवले, तरी अमेरिकेतील किंवा युरोपातील नामांकित छोट्या कार्यशाळेत मागणीनुसार घडवून घेतलेली बेस गिटार पाच लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सहज जाते. बाजारात पंधरा-वीस हजारांत बेस गिटार मिळत असताना कोणी एवढे पैसे का मोजावेत? त्या पैशांतून नेमके काय हाती येते? गोव्यासारख्या राज्यात हा प्रश्न केवळ हौशी श्रीमंतांचा नाही. येथे तियात्राच्या रंगमंचापासून लग्नाच्या मांडवापर्यंत आणि हॉटेलांच्या हिरवळीपासून चर्चच्या फेस्तापर्यंत बेस गिटार वाजते आणि ती वाजवून अनेक घरांची चूल पेटते.

आधार देणारे वाद्य

बेस गिटार हे वाद्य फारसे जुने नाही. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्यापूर्वी वाद्यवृंदातील खर्जाचे काम माणसाच्या उंचीपेक्षाही मोठा डबल बेस करीत असे. तो नेणे-आणणे अवघड होते आणि ढोल, कर्णे यांच्या गदारोळात त्याचा आवाज हरवत असे. फेंडर यांनी ते काम खांद्याला अडकवता येईल अशा, विजेवर चालणाऱ्या वाद्याकडे सोपवले. त्याच्या दांडीवर पडदे बसवलेले होते. त्यामुळे सूर अचूक लागे. ‘प्रिसिजन’ हे नाव त्या अचूकतेवरूनच पडले.

या वाद्याच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. साध्या गिटारच्या जाड तारेपेक्षा तो बरोबर एक सप्तक खाली असतो. ऐकणाऱ्याचे लक्ष गायकाकडे किंवा सॅक्सोफोनकडे असते; बेसकडे क्वचितच कोणी पाहतो. मात्र बेसवादक दोन मात्रा थांबला की गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. तालाला सुराशी बांधून ठेवण्याचे काम हे वाद्य करते. गोमंतकीय वादकांनी हे काम हिंदी चित्रपटसंगीतातही दीर्घकाळ केले. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार ज्यांनी ऐकली आहे, त्यांना गाण्याच्या तळाशी चालणाऱ्या त्या स्वतंत्र सुरावटीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

कारखान्याकडून कार्यशाळेकडे

फेंडर यांच्या वाद्याचे वैशिष्ट्य होते ते त्याच्या सुटसुटीत रचनेत. अंग वेगळे, दांडी वेगळी. दोन्ही स्क्रूने जोडायची. एक भाग बिघडला की तो बदलायचा. कारखान्यात एकसारखी शेकडो वाद्ये तयार व्हावीत, यासाठीच ही रचना होती. तिच्यामुळे बेस गिटार स्वस्त झाली आणि जगभर पोहोचली. पुढे वादकांची तयारी वाढली, तशा त्यांच्या गरजा कारखान्याच्या साच्यात मावेनाशा झाल्या.

१९६९ मध्ये कॅलिफोर्नियात ‘अलेम्बिक’ ही संस्था उभी राहिली. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाच्या वर्तुळातील तंत्रज्ञांनी तेथे वाद्यातच बॅटरीवर चालणारे विद्युतमंडल बसवण्याचे आणि निरनिराळी लाकडे जोडून दांडी घडवण्याचे प्रयोग केले. स्टॅन्ली क्लार्क यांच्यासारख्या वादकाने अलेम्बिक हाती घेतल्यावर, मागे उभे राहून साथ करणारे हे वाद्य पुढे येऊन बोलू लागले. १९७५ मध्ये न्यूयॉर्कचे वादक अँथनी जॅक्सन यांनी कार्ल थॉम्सन या कारागिराकडून सहा तारांचे वाद्य करवून घेतले. चार तारांच्या खाली एक आणि वर एक, अशा दोन तारा त्यात वाढल्या होत्या. कोणत्याही कारखान्याने एका माणसासाठी असे वाद्य घडवले नसते. १९८३ मध्ये विनी फोडेरा आणि जोई लॉरिसेला यांनी ब्रुकलिनमध्ये ‘फोडेरा’ची कार्यशाळा सुरू केली. विक्टर वूटन यांच्या हातातील वाद्यामुळे ती पुढे जगभर ओळखली गेली. रॉजर सॅडोस्की यांनी मार्कस मिलर यांच्या १९७७ च्या फेंडर बेसवर केलेले कामही असेच नावाजले गेले.

या सर्व घटनांत एक समान धागा आहे. येथे वाद्याची सुरुवात कारागिराच्या कल्पनेतून झाली नाही. वादकाच्या अडचणीतून झाली. ‘अमुक सूर येथे दबतो, तमुक ठिकाणी हात पोहोचत नाही, तासाभरात खांदा भरून येतो’, असे वादकाने सांगायचे आणि कारागिराने त्यावर लाकडात आणि तारेत उत्तर शोधायचे. मागणीनुसार वाद्य घडवण्याचा मूळ अर्थ हा आहे. सजावट त्यानंतर आली.

भाव कशाचा?

बाजारातील भावांच्या साधारण तीन पायऱ्या दिसतात. शिकाऊ वादकाची, आशियातील मोठ्या कारखान्यांत तयार होणारी बेस गिटार भारतात पंधरा-वीस हजारांच्या आसपास मिळते. व्यावसायिक वादक वापरतात ती वाद्ये तीस-चाळीस हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत असतात. अमेरिकेत तयार झालेल्या नामांकित वाद्याचा आकडा दोन लाखांपलीकडे जातो. त्यापुढे छोट्या कार्यशाळांची पायरी सुरू होते. तेथे सुरुवातच पाच-सहा हजार डॉलरपासून असते आणि लाकूड, तारांची संख्या व सजावट यांनुसार आकडा पंधरा हजार डॉलरही ओलांडतो. डॉलरला पंचाऐंशी ते नव्वद रुपये धरले, तर ही रक्कम पाच लाखांपासून तेरा लाखांच्या पुढे जाते. त्यावर वाहतूक, विमा, आयात शुल्क आणि जीएसटी वेगळे.

या रकमेतील सर्वांत मोठा वाटा लाकडाचा असतो, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तो वेळेचा असतो. चांगल्या बेस गिटारची दांडी एका ओंडक्यातून काढलेली नसते. मेपल, अक्रोड, शिसव अशा वेगवेगळ्या लाकडांच्या पट्ट्या, त्यांचे तंतू विरुद्ध दिशांना राहतील अशा बेताने, एकमेकींना चिकटवतात. एक पट्टी ओलाव्याने वळू लागली, तर शेजारची तिला धरून ठेवते. चिकटवलेले लाकूड काही काळ तसेच ठेवतात, थोडे तासतात, पुन्हा विसावू देतात. काही वाद्यांत ही दांडी खालपर्यंत सलग जाते आणि अंगाचे दोन भाग तिच्या दोन्ही बाजूंना जोडले जातात. स्क्रूने जोडलेल्या दांडीपेक्षा हे काम कितीतरी जिकिरीचे असते; एक चूक झाली तर संपूर्ण वाद्य वाया जाते.

सुरतेच्या सादेली कारागिराला ही रीत ओळखीची वाटेल. इराणमधून पारशी कारागिरांबरोबर आलेल्या या कलेत वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांच्या बारीक तिकोनी काड्या चिकटवून त्यांचा जुडगा करतात. पूर्वी त्यात हस्तिदंत आणि धातूच्या काड्याही असत. तो जुडगा आडवा कापला की प्रत्येक चकतीवर तीच भौमितिक नक्षी उमटते आणि मग अशा असंख्य चकत्या पेटीच्या अंगावर बसवल्या जातात. एकोणिसाव्या शतकात चंदनाच्या अशा पेट्या इंग्रज कुटुंबे हौसेने मायदेशी नेत आणि तेथे त्या ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून ओळखल्या जात. पारशी समाजातील ‘पेटीगरा’ हे आडनाव पेट्या करण्याच्या व्यवसायावरून आलेले आहे. गिटारच्या ध्वनिछिद्राभोवती दिसणारी नक्षीची गोल किनार करण्याची पारंपरिक पद्धतही अशीच, काड्यांचा जुडगा आडवा कापण्याची आहे. विक्टर वूटन यांच्या फोडेरा बेसवरील ‘यिन-यांग’ चिन्ह रंगवलेले नाही. ते दोन रंगांची लाकडे एकमेकांत बसवून केलेले आहे. अशा कामात सांधा केसभर चुकला तरी तो डोळ्यांत भरतो. म्हणूनच तेथे घाई चालत नाही आणि जेथे घाई चालत नाही तेथे भाव चढतो.

दांडीनंतर पडदे येतात. वीस-चोवीस पडदे एका पातळीत आणण्यासाठी ते घासून, गोलाई देऊन, चकाकवावे लागतात. एक पडदा किंचित उंच राहिला तर शेजारच्या जागी तार खरखरते. मग पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या लहरीत बदलणारे चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे. छोट्या कार्यशाळांत ती अनेकदा त्या वाद्यासाठी वेगळी करवून घेतलेली असतात. शेवटी रंग किंवा तेलाचे थर, त्यांचे वाळणे आणि पुन्हा घासणे. लाकूड प्रथम कापण्यासाठी आता संगणकावर चालणारी यंत्रे अनेक नामांकित कार्यशाळाही वापरतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र अखेरचा हात माणसाचाच असतो. वर्षाला मोजकीच वाद्ये बाहेर पडत असल्यामुळे जागेचे भाडे, अवजारे, विमा आणि कारागिराचा चरितार्थ यांचा सारा भार त्या मोजक्या वाद्यांवर पडतो. कारखान्यात तोच भार हजारो वाद्यांवर विभागला जातो. भावातील अंतराचे सर्वांत सरळ स्पष्टीकरण हेच आहे.

सह्याद्रीतील शिसव

लाकडाचा विषय गोव्याच्या अंगणातलाच आहे. जगभरातील गिटारांच्या दांडीवर, जेथे बोटे फिरतात त्या पट्टीसाठी, जे लाकूड मोठ्या प्रमाणावर वापरले जाते ते भारतीय शिसव, अर्थात सह्याद्रीच्या जंगलांत वाढणारा वृक्ष. ब्राझीलच्या शिसवाची इतकी तोड झाली की १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कठोर बंदी आली. त्यानंतर भारतीय शिसवाचे महत्त्व आणखी वाढले. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळाचा समावेश संरक्षित प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत झाला आणि एकेका गिटारबरोबर परवान्याचा कागद पाठवण्याची वेळ कारागिरांवर आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली. कच्च्या लाकडाच्या व्यापारावरील नियंत्रण कायम राहिले.

या प्रकरणाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. दुर्मीळ लाकडाचा भाव केवळ त्याच्या रूपावर ठरत नाही. कायदा, कागदपत्रे आणि जंगलाची अवस्था हेही त्यात मोजले जातात. दुसरे असे, की सह्याद्रीतील झाड तोडले जाते, त्याची पट्टी परदेशी जाते, तेथे वाद्य होते आणि तेच लाकूड अनेक पटींच्या भावाने परत येते. मधल्या प्रवासात त्यात जी भर पडते ती कौशल्याची आणि नावाची असते.

फरक ऐकू येतो का?

एवढे केल्यावर बारा लाखांचे वाद्य पन्नास हजारांच्या वाद्यापेक्षा चोवीस पटींनी चांगले वाजते का? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे. पंधरा हजार आणि साठ हजार यांच्या वाद्यांतील फरक सामान्य श्रोत्यालाही जाणवू शकतो. साठ हजार आणि दोन लाख यांतील फरक वादकाला जाणवतो. त्यापुढील फरक पुष्कळदा फक्त त्याच्याच बोटांना कळतो. विजेवर चालणाऱ्या वाद्याचा आवाज तारा, पिकअप, अॅम्प्लिफायर आणि सर्वांत अधिक वादकाची बोटे यांवर अवलंबून असतो. अंगाच्या लाकडाचा वाटा किती, यावर जाणकारांतच मतभेद आहेत.

व्हायोलिनच्या जगात याची रीतसर परीक्षा झालेली आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकवीस कसलेल्या वादकांना, वाद्य दिसणार नाही अशी व्यवस्था करून, सहा व्हायोलिन वाजवण्यास दिली होती. त्यांतील तीन नवी होती. उरलेल्या तिनांपैकी दोन स्त्रादिव्हारीची आणि एक ग्वार्नेरीचे, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या इटालियन कारागिरांची होती. बहुतेकांची पसंती नव्या वाद्यांना गेली आणि सर्वांत नापसंत ठरले ते एक स्त्रादिव्हारी. कीर्ती आणि किंमत डोळ्यांआड गेली की कान वेगळाच कौल देतात, हे या प्रयोगाने दाखवले.

तरीही मागणीनुसार घडवलेल्या बेसचे काही लाभ खरे आणि मोजता येण्यासारखे आहेत. अनेक बेस गिटारींच्या दांडीवर एखादी ‘मेलेली जागा’ असते; तेथे वाजवलेला सूर इतरांच्या मानाने लवकर विझतो, कारण दांडीचे स्वतःचे कंपन त्या सुराची शक्ती खाऊन टाकते. पट्ट्या जोडून किंवा आत कार्बन तंतूंच्या सळ्या घालून दांडी ताठ केली की हा दोष कमी होतो. पाच तारांच्या वाद्यात सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे ३१ कंपनांपर्यंत उतरतो. नेहमीच्या चौतीस इंच लांबीवर ती तार सैल पडते आणि सूर गढूळ होतो. म्हणून काही कारागीर लांबी पस्तीस-छत्तीस इंच करतात, तर काही पडदे पंख्यासारखे तिरपे बसवून जाड तारेला अधिक लांबी देतात. लहान हाताच्या वादकाला याउलट कमी लांबी हवी असते. साडेचार किलोंचे वाद्य रात्रीचे चार-पाच तास खांद्यावर वागवणाऱ्याला एक किलो कमी होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. कारखाना सरासरी हातासाठी वाद्य करतो. ज्याचा हात सरासरीत बसत नाही, त्याच्यासाठी कार्यशाळेचे वाद्य ही चैन नसून सोय असते.

मोहाचे अर्थशास्त्र

सोयीपुढे जे उरते ते आकर्षण. कारागिराशी महिनोन्महिने बोलणे, लाकडाची फळी निवडणे, अर्धवट वाद्याची छायाचित्रे पाहणे, वर्षभर वाट पाहणे आणि शेवटी आपल्यासाठीच घडलेली, जगात दुसरी नसलेली वस्तू हाती येणे. ग्राहक वाद्याबरोबर या नात्याचेही पैसे मोजतो. त्यात वावगे काही नाही. शिंप्याकडे मापे देऊन शिवलेल्या कपड्यात आणि घरच्या सोनाराकडून घडवून घेतलेल्या दागिन्यात हाच आनंद असतो.

मात्र या आनंदाचा बाजारभाव किती टिकेल, याचे उत्तर पुन्हा सुरतेत मिळते. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा रासायनिक दृष्ट्या खाणीतील हिऱ्यासारखाच असतो. तो घासायलाही तितकेच कौशल्य लागते आणि सुरत हे त्याचेही मोठे केंद्र झाले आहे. असे असूनही गेल्या काही वर्षांत त्याचे भाव कोसळले, कारण तो हवा तितका तयार करता येतो. श्रम तेच, चमक तीच. दुर्मीळता गेली आणि भाव उतरला. खानदेशातून सुरतेत जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी या चढउतारांची झळ जवळून पाहिली आहे.

बेस गिटारलाही हा नियम लागू आहे. फेंडर कंपनी १९६५ मध्ये ‘सीबीएस’च्या ताब्यात गेली. त्याआधीची तिची वाद्ये मुळात कारखान्यातच तयार झालेली होती. पण आता ती नव्याने होऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना संग्राहक मोठी रक्कम देतात. याउलट कमी परिचित कारागिराकडून, स्वतःच्या हाताच्या मापाने आणि स्वतःच्या आवडीच्या नक्षीने करवून घेतलेले वाद्य विकायला काढले की मोजलेल्या किमतीचा मोठा भाग परत येत नाही. एकासाठी बेतलेले माप दुसऱ्याला क्वचितच बसते. गुंतवणूक म्हणून असे वाद्य घेणाऱ्याने हे आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

तेच तास, वेगळा भाव

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट नजरेआड होते. मागणीनुसार वाद्य घडवण्याची परंपरा गोव्यापासून फार दूर नाही. ती मिरजेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्यास आणि घडवण्यास सुरुवात केली. पुढे ‘सतारमेकर’ हेच त्या घराण्याचे आडनाव झाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाल्यावर या कलेला गायकाचा कान मिळाला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही लाभले.

केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गोव्याला तानपुऱ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. पण तानपुरा हे मुळातच मागणीनुसार घडणारे वाद्य आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. गाणाऱ्याची पट्टी कोणती, गळा पुरुषाचा की स्त्रीचा, यावर भोपळ्याचा घेर आणि दांडीची लांबी ठरते. पंढरपूर परिसरातून आलेले भोपळे वाळवून निवडायचे, तूनच्या लाकडाची दांडी आणि तबली करायची, नक्षी कोरायची आणि अखेर घोडीवर जवारी काढायची. तार घोडीला जेथे स्पर्श करते ती जागा कानाने ऐकत, कणाकणाने घासायची असते. बेसचे पडदे सपाट करणारा ब्रुकलिनचा कारागीर आणि जवारी काढणारा मिरजेचा कारागीर यांच्या हातांत फार अंतर नाही. दोन्ही वाद्यांचे कामही एकच आहे: खाली राहून वरच्या सुराला आधार देणे.

अंतर आहे ते भावात. समजा, दोघांनीही एका वाद्यावर शंभर तास घालवले. अमेरिकेत कुशल कारागिराच्या तासाला चाळीस डॉलर धरले, तर केवळ मजुरीच चार हजार डॉलर, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या आसपास होते. येथे तासाला शंभर रुपये धरले, तर ती दहा हजार होते. चांगल्या तानपुऱ्याचा भाव बहुधा पाच आकड्यांतच राहतो आणि तेवढाही देताना ग्राहक घासाघीस करतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने आणि आता मोबाइलवरील ॲपने त्या मागणीचा मोठा भाग गिळला आहे. सुरतेच्या सादेलीचीही कथा वेगळी नाही. तासन् तास बसून केलेल्या पेटीशेजारी छापील नक्षीची पेटी मांडली की ग्राहकाचा हात स्वस्त पेटीकडे जातो. पुढची पिढी ही कामे शिकण्यास राजी नसेल, तर दोष तिच्या आळसाचा नाही. या हिशेबाचा आहे.

येथेच बारा लाखांच्या बेस गिटारकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तो आकडा ऐकून हसू येते. पण त्या आकड्यामुळेच ब्रुकलिनमधील कारागीर तेच काम करीत घर चालवू शकतो, शिकाऊ मुलाला पगार देऊ शकतो आणि वर्षाला थोडीच वाद्ये करूनही टिकतो. कारागिराच्या वेळेला भाव असल्याशिवाय कारागिरी पुढच्या हातांत जात नाही.

वादकाने काय करावे?

गोव्यातील व्यावसायिक बेसवादकापुढील प्रश्न अधिक रोकडा आहे. कार्यक्रमाच्या बिदागीवर चालणाऱ्या घरात पाच लाखांचे वाद्य हे स्वप्नही परवडणारे नाही. त्याच्यासाठी या सगळ्यातून काही उपयोगी निष्कर्ष निघतात. पहिला असा, की महागड्या वाद्याच्या गुणांतील मोठा भाग मध्यम किमतीच्या वाद्यातही, जाणकार कारागिराकडून नीट लावून घेतल्यास, मिळू शकतो. पडद्यांची पातळी, दांडीचा बाक, तारांची उंची आणि खाचेची खोली ही कामे काही हजारांत होतात आणि त्यांनी वाद्य बदलल्यासारखे वाटते. दमट हवेत दांडी पावसाळ्यात एका बाजूला आणि उन्हाळ्यात दुसऱ्या बाजूला वळते. म्हणून वर्षातून दोनदा ही तपासणी करून घेणे शहाणपणाचे. चांगल्या तारा आणि आवश्यक तर नवे पिकअप, हा त्यापुढचा टप्पा.

दुसरा निष्कर्ष असा, की वाद्य घडवून घ्यायचेच असेल तर आधी अडचण नेमकी लिहून काढावी. हात पोहोचत नाही, खांदा दुखतो, खालची तार गढूळ वाजते, अशी ठोस तक्रार असेल तर कारागीर तिचे उत्तर देऊ शकतो. केवळ ‘उत्तम आवाज’ हवा असेल, तर पैसे कशाचे दिले हे शेवटपर्यंत कळत नाही. असे वाद्य घेण्यापूर्वी त्याच कारागिराची दोन-तीन जुनी वाद्ये प्रत्यक्ष वाजवून पाहावीत. लाकडाची नावे, वाट पाहण्याची मुदत आणि नंतरच्या दुरुस्तीची जबाबदारी कागदावर घ्यावी.

आणि तिसरा निष्कर्ष ग्राहक म्हणून सर्वांसाठीच आहे. परदेशी वाद्याचा लाखांचा भाव मान डोलावून मान्य करणारा रसिक मिरजेच्या किंवा सुरतेच्या कारागिरासमोर बसतो, तेव्हा दोन हजार कमी करून मागतो. हिऱ्याच्या बाबतीत भाव खाणीतल्या खड्याचा की घासणाऱ्या बोटांचा, हा वाद सुरतेत चालतच राहील. वाद्याच्या बाबतीत मात्र उत्तर स्पष्ट आहे. तार कोणालाही विकत मिळते, लाकूडही मिळते. ते दोन्ही बोलते करणारा हात शिकून तयार व्हायला वर्षे जातात आणि त्या वर्षांचा मोबदला कोणी तरी द्यावाच लागतो.